बदलीचं कार्ड

आई पडली ती पाण्याच्या दिवशी. पाण्याचा दिवस म्हणजे काय, हे सोलापूरकराला सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगते. उजनी धरण काठोकाठ भरलेलं असो की तळ दाखवत असो, आमच्या साखर पेठेतल्या नळाला पाणी चार दिवसांनी येतं, कधी पाचव्या दिवशी, आणि त्याची वेळ त्याच्या मर्जीची. २९ डिसेंबर २०२४ ला ते पहाटे तीनला आलं. आई घागर भरून पिंपाकडे निघाली आणि ओल्या फरशीवर घसरली. वय ७६. खुब्याचं हाड.

न्यू जर्सीत एडिसनला तेव्हा २८ ची संध्याकाळ होती. चुलतभावाचा फोन आला आणि मी आधी आईचं विचारायच्या ऐवजी एक क्षण भिंतीकडे बघत उभी राहिले, कारण डोक्यात पहिला विचार आला तो कार्डाचा. याची लाज वाटते, पण आला खरा.

माझ्या ग्रीन कार्डाची मुदत १४ नोव्हेंबरला संपली होती. म्हणजे माझं तिथे राहणं संपलं होतं असं नाही. लोकांचा नेहमी घोटाळा होतो तो इथेच. कायम रहिवासाचा दर्जा संपत नाही, दर दहा वर्षांनी संपतं ते नुसतं कार्ड. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी नव्या कार्डासाठी ४१५ डॉलर भरून ऑनलाइन अर्ज केला होता, आय-९० नावाचा. त्याची पावती आली होती, आणि त्या पावतीवर लिहिलं होतं की जुनं कार्ड आणि हा कागद एकत्र दाखवले तर कार्डाची मुदत ३६ महिने वाढली असं समजावं. आधी ही वाढ २४ महिन्यांची होती, नेमकी त्याच सप्टेंबरात ती ३६ ची झाली. बोटांचे ठसेही २६ डिसेंबरला देऊन झाले होते. ते राहिले असते आणि मी तारखेला हजर नसते, तर अर्ज सोडून दिला असं धरतात. तर माझ्याकडे होतं एक मेलेलं कार्ड आणि एक जिवंत पावती. लाइट बिल भरल्यावर मिळते तिला आपण पावती म्हणतो. तसल्याच एका कागदावर मी सोलापूरला निघाले.

दोन जानेवारीचं तिकीट मिळालं. मधल्या चार दिवसांत मैत्रीण म्हणत होती, रीएन्ट्री परमिटचा अर्ज टाकून जा. तो अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो, बाहेरून करता येत नाही. मिळालं तर दोन वर्षांपर्यंत बाहेर राहायची सोय होते. मी म्हटलं, अगं महिन्याभरात येते. सामान भरलं, नवऱ्याला डाळींचे डबे दाखवले, आणि तो अर्ज टाकला नाही.

यामागे २०१३ आहे. तेव्हा माझं ग्रीन कार्डच अजून यायचं होतं, अर्ज दीड वर्ष पडून होता. कंपनी बदलल्यामुळे एच-१ व्हिसा उरला नव्हता, मी नुसत्या वर्क परमिटवर होते. त्या अवस्थेत देशाबाहेर जायचं तर अ‍ॅडव्हान्स पॅरोल नावाची परवानगी हातात लागते. माझ्या परवानगीची मुदत संपलेली आणि नवी अजून यायची होती. ऑगस्टात अण्णा, माझे वडील, गेले. वकील चांगला माणूस होता, त्याने कायदा सांगितला: आता गेलात तर अर्ज तुम्हीच सोडून दिला असं होईल, ९ वर्षं पाण्यात. मी गेले नाही. चुलतभावाने फोन चालू ठेवून खिशात ठेवला होता, त्यातून मला चालणाऱ्या माणसांच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. पुढच्या वर्षी कार्ड आलं. त्यावर माझा फोटो इतका हसरा आहे की मी तो कुणाला दाखवत नाही.

त्यामुळे या खेपेला मला कुणालाही काही विचारायचं नव्हतं.

चार जानेवारीला सोलापुरात उतरले. ऑपरेशन ३१ लाच झालं होतं, अर्धा खुबा बदलला होता. आई दवाखान्याच्या खाटेवर, शेजारच्या अक्का तिच्या उशाशी पेज घेऊन बसलेल्या. अक्कांचं घर पद्मशाली, घरात तेलुगू, माझ्या आईशी मराठी, दुकानदाराशी कन्नड, आणि देवाशी बहुतेक तिन्ही. आईने डोळे उघडले, मला बघितलं आणि म्हणाली, "आलीस व्हय? कधी जायलीस?"

सोलापूरच्या बाहेर हे वाक्य कुणी वाचलं तर त्याला तुसडं वाटेल. ते तसं नाही. आमच्याकडे परदेशातून आलेल्या माणसाला हेच विचारतात, कारण त्यावरून किती भाकऱ्या थापायच्या, कुठली शेंगाचटणी कधी कुटायची, कुणाला कोणत्या दिवशी जेवायला बोलवायचं हे ठरतं. नव्या पेठेत कापडवाल्याने विचारलं, औषधाच्या दुकानात विचारलं, रिक्षावाल्याने विचारलं: कधी आलात, किती दिवस, कधी जाणार. विमानतळावरचा अधिकारीही हेच तीन प्रश्न विचारतो, याच क्रमाने. फरक इतकाच की रिक्षावाल्याला उत्तर ऐकून वाईट वाटतं.

दवाखान्यातून घरी आलो तेव्हा गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा, सुरू झाला होता. यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला, भोगीच्या दिवशी, अर्धं शहर पांढऱ्या बाराबंदीत तळ्याकाठी असतं. आमच्या गल्लीतले हातमाग, यंत्रमाग सगळे बंद. एरवी त्यांच्या खटखटीत आपण मोठ्यांदा बोलतो आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. मला शांततेत आईचं कण्हणं पहिल्यांदा नीट ऐकू आलं. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह लागतो त्या सोहळ्याची ही अक्षता. आईला दरवर्षी संमती कट्ट्यापाशी जायचं असतं. या वर्षी तिने अंथरुणातूनच मूठभर तांदूळ वर फेकले, ते पंख्याच्या पात्यांवर बसले आणि पुढे उन्हाळ्यात पंखा लावला तेव्हा आमच्या डोक्यावर पडले.

त्या आठवड्यात मी नवं कालनिर्णय आणलं आणि भिंतीवर टांगलं. आई त्याच्यावर पाण्याच्या दिवसांना निळ्या पेनने गोल करते. मी पेन्सिलीने प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यात बारीक आकडा लिहायला घेतला: अमेरिका सोडून किती दिवस झाले. पुढचे महिने उलटून १ जुलैच्या चौकोनात १८० लिहिला आणि त्याच्याभोवती लाल रेघ मारली.

१८० च्या पुढे काय होतं, हे आमच्या एडिसनच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज कुणीतरी चुकीचं सांगत असतं, म्हणून लिहून टाकते. १८० दिवसांपर्यंत तुम्ही घरी परतलेला माणूस असता. त्यापुढे गेलात की कायद्याच्या नजरेत नव्याने प्रवेश मागणारा माणूस होता, आणि अधिकाऱ्याला जास्त प्रश्न विचारायची मोकळीक मिळते. शिवाय पुढे नागरिकत्व घ्यायचं असेल तर सहा महिन्यांच्या वरची गैरहजेरी म्हणजे सलग वास्तव्य तुटलं असं आधीच गृहीत धरतात, तुटलं नाही हे तुम्ही सिद्ध करायचं. एक वर्ष ओलांडलंत आणि परमिट नसेल, तर नुसत्या कार्डावर परत येता येत नाही, वकिलातीत जाऊन वेगळा व्हिसा मागावा लागतो. आणि याचा उलटा भ्रम असा की सहा महिन्यांच्या आत परतलं की सगळं माफ. तेही खरं नाही. तुमचा संसार खरोखर कुठे आहे हे ते बघतात. घर, नोकरी, कर, मुलं. वर्षातून दोन आठवडे तिकडे तोंड दाखवून येणाऱ्यांची कार्डं गेलेली आहेत.

आईने आकडे बघितले. चौथीपर्यंत शिकली आहे, आकड्यांना पक्की. बिडीचे हजार मोजून मोजून पक्की झालेली. म्हणाली, "हे काय मोजायलीस?"

मी सांगितलं.

"म्हंजे तुझे दिवस भरत आलेत म्हण की," आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा खो-खो हसली. हसल्याने टाका दुखला म्हणून मग मला शिव्या दिल्या.

टाका दुखत होता तो हसण्याने नव्हे, हे मार्चमध्ये कळलं. आत पू झाला होता. दुसरं ऑपरेशन झालं, जखम उघडून धुतली. माझी १२ आठवड्यांची रजा, बिनपगारी, घरच्या आजारपणासाठी तिकडच्या कायद्याने मिळते ती, मार्चअखेर संपत होती. साहेबाने काही आठवडे इकडून काम करायला हो म्हटलं. रात्री सातपासून पहाटेपर्यंत मी ओट्यावर लॅपटॉप ठेवून मीटिंगा करायचे, मागे इन्व्हर्टरची शिट्टी. पाणी आलं की मीटिंग म्यूट करून घागरी.

त्याच महिन्यात बातम्या यायला लागल्या की विमानतळांवर कार्डवाल्यांनाही बाजूच्या खोलीत नेऊन विचारपूस होते आहे. ग्रुपवर आय-४०७ या फॉर्मचं नाव सगळ्यांच्या तोंडी झालं. तो फॉर्म म्हणजे कार्ड आपणहून परत करतो असं लिहून देणं. ज्यांना कायदा कळतो ते एकच सांगत होते: दमले असाल, घाबरले असाल, तरी त्याच्यावर सही करू नका, तुमचा दर्जा गेला की नाही हे ठरवायचा अधिकार काउंटरवरच्या माणसाला नाही, इमिग्रेशनच्या न्यायाधीशाला आहे, आणि त्याच्यापुढे जायचा तुम्हाला हक्क आहे. हे वाचून मला धीर यायला हवा होता. मी उठून आईची गोळी दिली की नाही ते तिसऱ्यांदा बघितलं.

एप्रिलमध्ये आईची पेन्शन थांबली. अण्णांच्या गिरणीची, विधवेची, महिना हजारभर रुपये. हयातीचा दाखला दिला नव्हता म्हणून. दाखल्याला अंगठा लागतो आणि आईचा अंगठा यंत्राला दिसतच नाही. तीस-पस्तीस वर्षं तेंदूची पानं कातरून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून तिच्या बोटांवर रेषाच उरलेल्या नाहीत. शहराच्या पूर्व भागात अशा बायका घरटी सापडतील. आता चेहऱ्यावरून दाखला करायची सोय आहे. मी मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला. अ‍ॅप म्हणे, पापणी मिटा. आई रोखून बघत राहिली.

"आई, डोळे मीट."

"का?"

"जिवंत आहेस ते बघायलेत."

"मी समोर बसलीया की! अजून काय दाखवू?" आणि रागाने डोळे गच्च मिटून घेतले, ते उघडेचना. चौथ्या खेपेला हिरवी खूण आली. माझे ठसे २६ डिसेंबरला पहिल्याच फटक्यात उमटले होते, काच पुसायचीही वेळ आली नव्हती. मी आयुष्यभर कीबोर्डच बडवला.

पेन्शनचे कागद शोधताना ट्रंकेच्या तळाशी अण्णांचं कार्ड सापडलं. गिरणीचं. पिवळट पुठ्ठा, कडा उंदराने कुरतडलेल्या, वर अण्णांचं नाव, खाली साचेखातं, म्हणजे मागांचा विभाग, आणि जांभळ्या शिक्क्यात एकच शब्द: बदली.

आमच्या शहरात ज्यांच्या घरात गिरणी होती त्यांना हा शब्द समजावायला नको. कायम कामगार गैरहजर असला तर त्याच्या साच्यावर उभा राहायचा तो बदली. भोंगा व्हायच्या आधी गेटवर जाऊन थांबायचं. आत किती माणसं आली नाहीत ते बघून जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, बोटाने दाखवायचा, तू, तू आणि तू. उरलेले घरी. अण्णा सहा वर्षं बदलीत होते. वर्षात २४० दिवस भरले की कायम करतात, असं त्यांना सांगितलं होतं, आणि २२०-२३० झाले की जॉबरचं बोट नेमकं दुसरीकडे वळायचं. आई सांगते, ते भिंतीवर कोळशाने रेघा मारायचे. पाचाची जुडी, मग आडवी रेघ. मला त्या रेघा आठवत नाहीत, घराला रंग दिल्याचं आठवतं. कायम झाले त्या वर्षी पेढे वाटले, घराला चुना दिला, आणि रेघा गेल्या. मग मी शाळेत, कॉलेजात, आणि गिरणी बंद. कायम झालेल्यांची देणीही वर्षानुवर्षं अडकली. अण्णा तरी शेवटपर्यंत सांगताना "मी कायम होतो" असंच सांगायचे, छाती थोडी पुढे काढून.

मी माझं कार्ड आणि त्यांचं कार्ड सतरंजीवर शेजारी शेजारी ठेवलं. माझ्यावर छापलंय कायम रहिवासी, त्यांच्यावर बदली. दिवस दोघांनी मोजले. पण त्यांना हजेरीचे मोजायचे होते, मला गैरहजेरीचे. आणि त्यांना एकाच गेटवर उभं राहावं लागलं. मी कुठे बदलीवर आहे? एडिसनला, की आईच्या खाटेजवळ, जिथे माझ्या जागेवर एरवी अक्का उभ्या असतात? तसं पाहिलं तर आईकडची कायम कामगार अक्का. कोणी गैरहजर असेल तर मी लागते.

चुलतभाऊ म्हणाला, मग नागरिकत्वच घेऊन टाक की, कटकट संपेल. त्याचं बरोबर आहे. पाच वर्षं कधीच झाली, त्यातले तीस महिने प्रत्यक्ष तिकडे असावे लागतात, तेही आहेत. पण आपल्याकडे दोन नागरिकत्वं चालत नाहीत. तिकडचं घेतलं की इकडचा पासपोर्ट परत. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं ओसीआय कार्ड मिळतं, त्याच्यावर हवं तितकं राहता येतं, मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. मोहोळकडे अण्णांची दीड एकर कोरडवाहू आहे, ती वारसाने आली तर ठेवता येते, त्यामुळे तेही कारण नाही. खरं कारण मला सांगता येत नाही आणि कुणी खोदून विचारलं की मी जमिनीचं सांगते.

भैय्या चौकात डॉ. कोटणीसांचं घर आहे, स्मारक. आईला तपासायला नेताना रिक्षा तिथून जायची. १९३८ मध्ये चीनला गेलेला सोलापूरचा पोरगा, १९४२ मध्ये बत्तिसाव्या वर्षी तिकडेच गेला. आई प्रत्येक वेळी हात जोडायची आणि प्रत्येक वेळी म्हणायची, "गेला ते गेलाच." मी एकदा म्हटलं, मी प्रोजेक्टवर गेले होते गं, युद्धावर नाही. म्हणाली, "मी तुला कुठं म्हणले?"

जूनमध्ये ती वॉकर सोडून काठीवर आली. मी तिकीट काढलं. आठ तारखेला रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस. डब्यात कडक भाकऱ्या, शेंगाचटणी, आणि बॅगेत फाइल: तीन वर्षांचे टॅक्स रिटर्न, घराच्या कर्जाचे कागद, कंपनीचं पत्र, आईच्या दोन्ही ऑपरेशनचे डिस्चार्ज कार्ड. दोन सोलापुरी चादरीही होत्या, त्या कुठल्याच कामाच्या नव्हत्या.

मुंबईला काउंटरवरच्या मुलाने कार्ड हातात घेतलं, उलटलं. "मॅडम, हे एक्सपायर झालंय."

मी पावती पुढे केली. त्याने ती अशी वाचली जशी आपण लग्नपत्रिका वाचतो, वरचा देव आणि खालची तारीख. "हे तर रिसीट आहे."

"तिसरी ओळ वाचा."

त्याने बोट ठेवून वाचली. ओठ हलत होते. मग वरिष्ठ बाईंना बोलावलं, त्यांनी कुठेतरी फोन लावला, फोनवर पावतीचा नंबर दोनदा सांगितला, दुसऱ्यांदा एक आकडा चुकीचा. मागच्या रांगेतला माणूस सुस्कारे टाकत होता. मी काउंटरच्या कडेला उभी, बॅग पट्ट्यावर, पट्टा बंद. चाळीस मिनिटं. मधेच मला जाणवलं की माझा हात मी उगाच वर धरलाय, खांद्याच्या उंचीला, जसं कुणाच्या नजरेत भरायचं असावं. खाली घेतला. मग त्या बाईंनी नुसतं बोटाने दाखवलं: यांना सोडा.

नेवार्कला त्यापेक्षा लवकर झालं. अधिकाऱ्याने पावती बघून मान हलवली, त्याला ती रोज दिसत असणार. किती दिवस बाहेर होतात?

"१५९."

त्याने वर बघितलं. लोक पाच महिने म्हणतात, असं तो म्हणाला. कशासाठी? आई, खुबा, दोन ऑपरेशनं. मी फाइल उघडायला लागले तर त्याने हातानेच नको म्हटलं. खायचं काही आणलंय का, एवढंच शेवटी विचारलं. भाकरी, म्हटलं. ते काय असतं हे समजावताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याला वाटलं मी घाबरले.

नवं कार्ड अजून आलेलं नाही. पावती फ्रिजवर चुंबकाने लावलेली आहे.

परवा, १ जुलैला, आईला व्हिडिओ कॉल केला. पाणी आलं होतं, अक्कांच्या सुनेने भरलं होतं, सगळं सांगून झालं. तिच्या डोक्यामागे कालनिर्णय दिसत होतं, जुलैचं पान. पहिल्या चौकोनातला माझा लाल रेघेतला १८० काट मारून खोडलेला होता आणि त्याच्या खाली निळ्या पेनने, थरथरत्या हाताने, २३ लिहिलेलं.

"आई, ते एक तारखेला काय लिहिलंयस?"

"कुठं?"

"मागं. तेवीस."

तिने मागे वळून बघितलं. "पाण्याचं असंल."

"पाण्याला तू गोल करतेस."

"मग असंल काहीतरी," म्हणाली, आणि फोन खाली ठेवला तो पंखा दिसत राहिला, बंद असलेला, एका पात्यावर तांदळाचे दोन दाणे अजून तसेच.